दारवालीचा डगला

रफूखात्याच्या खिडक्या उत्तरेला आहेत. ऊन थेट आत आलं तर कापडातला दोष डोळ्याला चकवतो, म्हणून गिरणी बांधणाऱ्याने तेवढी एक गोष्ट शहाणपणाने केली. बाकीच्या खात्यांत त्याने अंधारच ठेवला. खिडक्यांखाली उतरती टेबलं, त्यांवर मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड, आणि त्या कापडावर बोटं फिरवत बसलेल्या बायका. त्या कापडाकडे फारशा बघत नाहीत. गाठ बोटाला लागली की थांबतात, तुटलेला धागा सुईने खालीवर गुंफतात आणि पुढे सरकतात. चांगला रफू तो, जो केल्यावर करणारीलाही सापडत नाही.

मी याच गिरणीत माग दुरुस्त करायचो. हाताने माग आणि तोंडाने माणसं. मला सगळे बंडलराव म्हणतात आणि त्यात त्यांची चूक नाही. जेवणाच्या सुट्टीत मी ज्या लोणकढ्या थापा मारल्या त्या कापडासारख्या वारावर मोजल्या असत्या तर मालकाने मला भागीदार करून घेतलं असतं. माग इतका जोरात लावला की त्यातून उद्याचं कापड आजच बाहेर पडलं, ही माझी. पट्ट्यात सापडलेला उंदीर दुसऱ्या टोकाने मफलर घालून निघाला, हीही माझीच.

तेव्हा आता जे सांगतो आहे त्यावर कुणी विश्वास ठेवावा असा माझा हट्ट नाही. एवढंच ध्यानात घ्या, की खरं बोलणाऱ्याला काहीच लक्षात ठेवावं लागत नाही. थापाड्याला सगळं ठेवावं लागतं. कोणाला काय सांगितलं, कुठवर खरं होतं आणि कुठून आपली भर सुरू झाली, हे ज्याला सांगता येत नाही तो दुसऱ्याच दिवशी तोंडावर आपटतो. मी उभ्या आयुष्यात आपटलो नाही. म्हणून गावात जे चाललं होतं ते पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. बाकीचे सगळे सज्जन होते, त्यांच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं.

रफूखात्याच्या दारामागे एक खुंटी आहे आणि खुंटीवर एक डगला. मातकट रंगाचा, बाईमाणसाच्या मापाचा, गुडघ्याखाली उतरणारा. तो दारवालीचा.

दारवाली कोण, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. कागदावर मात्र ती कुठेच नाही. फार जुनी गोष्ट आहे, मीही ऐकलेलीच. वरच्या मजल्यावर, जिथे लोकर पिंजायचे, तिथे आग लागली. बायकांनी सुट्टीआधी पळू नये म्हणून दाराला बाहेरून लोखंडी अडसर घातलेला असायचा. एक बाई तेवढी बाहेर होती. कशाला होती, देव जाणे. अडसर तापला होता, म्हणून तिने अंगातला डगला काढून त्याला गुंडाळला आणि ओढला. दार उघडलं तशा आतल्या बाया लोंढ्यासारख्या खाली आल्या आणि ती लोंढ्याच्या उलट आत गेली, मागे राहिलेल्यांना काढायला. ती आलीच नाही. डगला अडसराला लोंबत राहिला.

फाटकाशी दगड बसवला आहे. त्यावर मालकाचं नाव आहे, आगीच्या बंबाच्या साहेबाचं आहे, नंतर पाहणी करायला आलेल्या पाहुण्याचंही आहे. तिचं नाही, कारण ती बदलीवर होती. कायमची बाई आजारी पडली की मुकादम फाटकावर ताटकळणाऱ्या बायकांतून एकीला बोलवायचा, आजारी बाईचा बिल्ला तिच्या हातात द्यायचा, आणि ती दिवसभर त्या बिल्ल्याच्या नावाने राबायची. तोंडाला फडकं बांधलेलं, कारण पिंजलेल्या लोकरीचे तंतू नाकात जातात. चेहरा कुणी पाहिलेला नसायचा. बायका ऑफिसात गेल्या तर साहेब म्हणाला, "हजेरीतली बाई तापाने घरी पडली आहे आणि चांगली जिवंत आहे. मग मेली कोण?"

बायकांकडे तिचं नाव नव्हतं. पण डगला होता, जळून चाळण झालेला. तो त्यांनी रफूला घेतला. गिरणीचा धागा लावायचा नाही, तो मालकाचा, असं ठरलं. घरचा लावायचा. जिच्या बिल्ल्यावर दारवाली राबली होती ती आजारातून उठलेली बाई सगळ्यांत आधी पुढे आली. आपल्या गेलेल्या आईच्या शालीतून तिने धागा उसवला, सुईत ओवला, आणि रफू करता करता म्हणाली, "माझी आई काम करताना गुणगुणायची. ही पण गुणगुणत असेल."

असेल, म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून दारवाली गुणगुणायची. 'असेल' कुठे गळून पडलं ते कुणी पाहिलं नाही.

तेव्हापासूनची ही रीत. डगल्याला भोक पडलं की ज्या घरातली बाई गेली आहे त्या घराने तिच्या कपड्यातला धागा आणायचा, आणि रफू होईपर्यंत तिची एक गोष्ट सांगायची. ती गोष्ट मग दारवालीची. अशी एकेका धाग्याने आमची दारवाली उभी राहिली. ती गुणगुणते. जिना उतरताना भिंतीला हात लावते. हसताना मान वळवते. थंडीत तिचा एकच कान दुखतो. गावात कुणालाही विचारा, सख्ख्या मावशीची माहिती द्यावी तशी घडाघडा देतील.

सख्ख्या मावशीची मात्र देता येणार नाही. हे मला कँटीनमध्ये कळलं.

कँटीनवाला आईवेडा माणूस. त्याची आई म्हातारपणी आंधळी झाली होती, आणि आधणाच्या आवाजावरून सांगायची, आता टाक पत्ती. ही गोष्ट त्याने मला इतक्यांदा ऐकवली होती की मी ती चोरून माझ्या एका थापेत घातली होती. एका वर्षी डगल्याला भोकं फार पडली आणि त्याच्या घरून बरेच धागे गेले. त्यानंतर एकदा चहा कडू झाला, तेव्हा मी म्हटलं, "कान कुठे होता तुझा? आई असती तर फुंकणीने हाणलं असतं."

"कुणाची आई?"

"तुझी. आधण ऐकून पत्ती टाकणारी."

"काहीतरीच काय, बंडलराव," तो हसत म्हणाला. "ते दारवालीचं. तुमची आता सरमिसळ व्हायला लागली."

मी गल्ल्यामागच्या फोटोकडे बोट केलं. "मग ही कोण?"

त्याने वळून पाहिलं, खांद्यावरच्या फडक्याने काच पुसली आणि पुन्हा पाहिलं. "फ्रेम घेतली तेव्हा आतच होता," तो म्हणाला. "काढायचा राहून गेला."

तो चेष्टा करत नव्हता. चेष्टा कशी करतात ते मला कळतं.

मी गावात चाचपून पाहिलं. सहज गप्पा मारत, इकडचं तिकडचं विचारत. ज्या घराने धागा दिला त्या घरातून ती गोष्ट गेलेली होती. दिली म्हणजे दिली. ज्यांनी एकच दिली त्यांना घरातली म्हातारी आठवत होती, फक्त कुठेतरी टवका उडाल्यासारखी. ज्यांनी खूप दिल्या त्यांच्या घरी नुसती एक खुर्ची होती, किंवा चष्मा, किंवा भिंतीवर फोटोच्या आकाराचा उजळ चौकोन. त्यांना दुःख नव्हतं. दुःख व्हायला कुणीतरी आठवावं लागतं.

आणि भोकं का पडत होती?

रफूखात्याची मुकादमीणबाई म्हणजे जिभेला धार आणि बोटांना डोळे. मी तिला हे विचारलं तेव्हा तिने हातातली सुई खाली ठेवली, आणि एवढ्या वर्षांत ती मी पहिल्यांदा खाली ठेवलेली पाहिली.

"खुंटीवरचा कपडा कुठे झिजतो, बंडलराव?"

"खांद्याला. जिथे टांगतो तिथे."

"मी कपड्यात जन्म काढला. खांदा बघा याचा, नवा आहे. हा कोपराला झिजतो." तिने बाही उलटून दाखवली. कोपराशी लोकर इतकी विरली होती की पलीकडची खिडकी दिसत होती. "कोपर झिजायला आत हात लागतो."

"थंडी वाजली की घालत असेल तुमच्यातली एखादी."

"कोणाची छाती आहे?" ती म्हणाली, आणि सुई उचलली.

मी यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. झीज दिसली की घर्षण शोधायचं, एवढंच मला येतं. आठवड्याच्या सुट्टीला गिरणी बंद होताना मी डगल्याच्या दोन्ही बाह्या पांढऱ्या दोऱ्याने खुंटीला बांधल्या आणि माझी स्वतःची गाठ मारली, जी दुसऱ्या कुणाला मारता येत नाही. ही थाप नाही. सुट्टी संपल्यावर सगळ्यांच्या आधी जाऊन पाहिलं. दोरा जसाच्या तसा होता. गाठ माझीच होती. कोपराला आरपार बोट जात होतं, आणि खालच्या काठाला ओला चिखल होता. बाहेर पाऊस नव्हता.

कॉलरच्या आत हात घातला, तर उबदार लागली. नुकताच कुणी उतरवून ठेवलेला कपडा लागतो तशी.

मग मी ठरवलं, हिला थाप मारून बघू. आयुष्यभर सगळ्यांना मारली, हिचंच काय मोठं? पुढच्या खेपेला मी जोरात हात वर केला आणि म्हटलं, माझी एक आत्या होती, तिचा धागा आणला आहे. धागा माझ्या जुन्या मोज्याचा होता. आत्या मुळात नव्हतीच. मुकादमीणबाई रफू करत राहिली आणि मी सांगत राहिलो, की आत्या शिंकली की शेजारच्यांच्या खिडक्या आपोआप लागायच्या. खात्यातल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. रफू सुरेख बसला.

दुसऱ्या दिवशी मोज्याचा धागा डगल्याखाली जमिनीवर पडला होता. तुटलेला नव्हता. उसवून, सरळ करून, नीट गुंडाळी करून ठेवलेला होता, जसा चांगल्या घरची बाई नको असलेला धागा परत करते.

त्या दिवसापासून मी जेवणाच्या सुट्टीत गप्प बसायला लागलो. लोक म्हणाले, बंडलराव म्हातारे झाले.

आता माझ्या घराचं सांगतो.

माझी बायको याच गिरणीत होती, असा माझा तर्क आहे. तर्क म्हणतो, कारण आईशिवाय मूल होत नाही एवढं मला कळतं, आणि मला मुलगी आहे. ती रफूखात्यात आहे, मुकादमीणबाईच्या हाताखाली, आणि तिच्याहून सरस निघेल असं बाई स्वतः म्हणते. बायको गेली तेव्हा मुलगी लहान होती. आमच्या पेटीत एक हिरवा स्वेटर होता.

गावातल्या घरांचे धागे संपत आले होते. मेलेल्या बायका नव्हत्या असं नाही. कुणाला आठवत नव्हत्या. जुन्या घरांत विचारलं तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. आणि डगला तर आता आठवड्या-आठवड्याला विरत होता. एका संध्याकाळी मुलगी कामावरून आली, हात धुतले आणि पेटी उघडून बसली. तिने तो स्वेटर बाहेर काढला.

"ते ठेव आत."

"आपल्या घरचा एकही गेला नाही, बाबा. बाई बोलत नाही, पण सगळ्या बघतात माझ्याकडे."

"बघू देत. डोळे त्यांचे आहेत."

"कंजूष म्हणतात तुम्हाला."

"म्हणू देत. तोंड त्यांचं आहे."

ती स्वेटर मांडीवर घेऊन बसली. "एक विचारू? आई मागाकडे डोळे वटारायची आणि माग थांबायचा, हे खरं?"

"माग थांबायचा. पट्टा जुना होता."

"आणि मालकाच्या टोपीत अंडी उकडली होती ते?"

"उकडली नव्हती. पण टोपी होती."

"बघा," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. "माझ्याकडे तिच्या अगदी मोजक्या गोष्टी आहेत, आणि त्या माझ्या मी पाहिलेल्या आहेत. बाकी सगळी आई तुम्ही शिवलीत. हसू येतं ऐकून, पण हात लावायला गेलं की आत कुणी नसतं. उद्या मी नसले की माझ्या गोष्टीही जाणार. तिथे दिल्या तर सगळं गाव जपेल."

"गाव जपेल, आणि तुझ्याकडे उरणार नाही. माझ्याकडेही नाही. तो डगला घेतो, पोरी. देतो काहीच नाही. कँटीनवाल्याला त्याची आई आठवत नाही, जाऊन विचार."

मी तिला सगळं सांगितलं. फोटो, दोरा, गाठ, चिखल, मोज्याचा धागा. एक शब्द पदरचा घातला नाही. इतकं सरळ मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो, आणि बोलता बोलता माझंच मला जाणवलं, की हे माझ्या आजवरच्या सगळ्या थापांपेक्षा सुबक जमलं आहे.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग डोळे पुसत हसली.

"छान आहे," ती म्हणाली. "बऱ्याच दिवसांनी सांगितलीत एखादी."

दुसऱ्या दिवशी मी तिच्यामागून गिरणीत गेलो. उत्तरेचा उजेड टेबलांवर सारखा पसरला होता. डगला खुंटीवरून उतरवून मधल्या टेबलावर उताणा ठेवला होता, बाह्या पसरून, आणि बाया भोवती उभ्या होत्या. मी दारातच थांबलो. मुलीने हिरवा धागा ओवला. मुकादमीणबाईने मान हलवली. मुलगी खाली वाकली आणि रफू करत करत बोलायला लागली.

मी ऐकलं. सगळं ऐकलं. तिचा आवाज मध्येच कापला तोही आठवतो, आणि एक बाई "अगंबाई" म्हणाली तेही आठवतं. तिचे ओठ हलताना मला दिसतात.

ती काय म्हणाली, ते मला माहीत नाही.

तिसऱ्या प्रहरी कँटीनमध्ये सगळे म्हणत होते की दारवाली डावखुरी होती. मीही म्हणालो. मला ते नेहमीपासूनच ठाऊक होतं.

पण थापाड्याला सांधा कळतो. मी घरी गेलो आणि जीभ पडलेल्या दाताच्या खळग्यात जावी तसं मन एकाच जागी जात राहिलं. तिथे काहीतरी होतं. कडा हाताला लागत होत्या. मधलं नव्हतं.

आता उरलेलं तरी वाचवायचं, म्हणून मी लोकांना बायकोच्या खऱ्या गोष्टी सांगायला लागलो. साध्या, बिनरंगाच्या. निदान दुसऱ्यांच्या डोक्यात राहतील. लोकांनी ऐकलं नाही. बंडलराव खरं बोलायला लागले की माणसं जांभया देतात आणि उठून जातात. "यात पुढे काय झालं?" एकाने विचारलं. पुढे काही झालं नव्हतं. ती खिडकीत बसून नखं कापत होती, एवढंच झालं होतं. हे वाक्य मी तेव्हा म्हणालो होतो हे मला आठवतं. ती खिडकी आठवत नाही.

मुलगी आठवड्याला एक धागा नेत होती.

शेवटी मी जेवणाच्या सुट्टीत रफूखात्यात गेलो. बाया बाहेर उन्हात बसल्या होत्या. खोलीत कुणी नव्हतं. मी डगला खुंटीवरून काढला. जड लागला. रिकाम्या कपड्याला इतकं वजन नसतं.

हिरवे टाके शोधायला वेळ लागला. पोरीचा हात इतका साफ, की रंग असूनही सापडेनात. कोपराशी एक टोक लागलं. ते मी नखात धरलं आणि हळूच ओढलं.

हिरव्याबरोबर तपकिरी हलला. तपकिरीबरोबर एक पांढरा. पाठीवर कुठेतरी शिवण सरकली.

"ओढा," मुकादमीणबाई मागून म्हणाली.

ती माझ्या मागे कधी येऊन उभी राहिली ते कळलं नव्हतं. हातात डबा होता, अर्धा खाल्लेला.

"ओढा ना. थांबलात का? फक्त तुमच्या हिरव्याखाली माझी कोण आहे, ते मला ठाऊक नाही. तेवढं बघून ओढा."

"तुम्हाला कळतं हे?"

"बोटांना कळतं. माझ्या घरचे किती लागले आहेत यात, मी हात फिरवला की सांगते. कोणाचे ते नाही सांगता येत." तिने डबा टेबलावर ठेवला. "मूळचा धागा यात एक नाही उरला, बंडलराव. तिचा असा एकही नाही. सगळ्या आमच्याच आहेत. तुम्ही एक ओढलात तर सगळ्या सुटतील, आणि परत घरी कोणाकडे जातील? कोण ओळखेल त्यांना?"

"मग बंद करा. नका लावू नवीन."

"आणि ही विरू दे?"

मी धागा नखातून सोडला नाही.

"एक तरी राहू दे," ती म्हणाली. "इतक्या गेल्या. एक तरी अशी राहू दे की जी सगळ्यांना माहीत आहे."

माझ्या नखातला धागा ताणलेला होता. तो मी ओढत नव्हतो. पलीकडून कुणीतरी हलक्या हाताने, समजूत काढावी तसं, आत घेत होतं. मी बोटं सोडली. टोक लोकरीत गेलं आणि दिसेनासं झालं.

मी डगला खुंटीवर टांगला.

बाईने डबा उचलला आणि उरलेलं जेवण उभ्याउभ्याच संपवलं.

त्याला आता बराच काळ झाला. हिरव्या स्वेटरचा एक कफ उरला आहे. मुलगी आनंदात आहे. तिला कसली टोचणी नाही, झोप चांगली लागते, आणि दारवालीबद्दल बोलताना तिचा चेहरा असा खुलतो की बघत राहावं. शाळेची पोरं खात्यात येतात तेव्हा तीच सांगते. दारवाली आता पूर्वीपेक्षा फार स्पष्ट झाली आहे. मलाही ती दिसते. तिच्या मानेवरचा तीळ मी डोळे मिटून दाखवीन.

माझ्याकडे थापा उरल्या आहेत. त्या दारवालीने घेतल्या नाहीत. माग थांबवणारे डोळे, टोपीतली अंडी, आभाळाला लावलेलं बटण. कुणी बायकोचं विचारलं तर मी त्या सांगतो आणि लोक हसून म्हणतात, बंडलरावांनी लग्न न करता अख्खी बायको रचली. मीही हसतो. रोज सकाळी उठून मी बायकोची एखादी अशी गोष्ट आठवायला बसतो, जिच्यात गंमत नाही. बसून राहतो. मग चहाची वेळ होते.

डगल्याची झीज थांबलेली नाही. फक्त पूर्वी उजवं कोपर जायचं, आता डावं जातं.

परवा दुपारी मुलगी घरात पडद्याचं कापड कापायला बसली होती. आमच्याकडे एक मोठी काळ्या मुठीची कात्री आहे. मला त्या कात्रीने कधीच कापता आलं नाही, कापड नुसतं चावलं जातं. मी तिला बोथट समजून कोपऱ्यात टाकली होती. मुलीने ती उचलून डाव्या हातात घेतली आणि कापड पाण्यासारखं उघडत गेलं. कात्री त्याच हाताची होती. कुणीतरी मुद्दाम शोधून, करून घेतलेली.



"तू डावखुरी कुणावर गेलीस गं?"

"दारवालीवर," ती मान वर न करता म्हणाली. "दुसरं आहे कोण?"